पाचपोच

प्रवासाला निघालेला मनुष्य मुक्कामी पोचला म्हणजे त्याचा प्रवास संपला, असे भूगोलाचे मत असले तरी आमच्या घरात ते कधीच ग्राह्य धरले गेले नाही. आमच्याकडे प्रवास संपतो तो पोचल्याची वार्ता परत आल्यावर. ती येईतोवर जाणारी व्यक्ती आमच्या कुटुंबाच्या लेखी रस्त्यातच असते, मग ती नागपुरात बहिणीच्या घरी वडाभात जेवून, हात धुऊन, कूलरच्या झोतात घोरत का पडलेली असेना. वास्तविक मौद्याहून नागपूर ते असे कितीसे दूर? भंडाऱ्याकडून येणाऱ्या महामार्गाने पस्तीसेक किलोमीटर. मौद्यात तोंडात टाकलेले पान नीट रंगेपर्यंत पारडी यावी. परंतु ‘पोचलात की कळवा’ हा हुकूम अंतराच्या प्रमाणात सौम्य होत नाही. माझ्या आईने तो पोस्टकार्डाच्या अमदानीत बजावला, कुटुंब तो मोबाइलच्या अमदानीत बजावते, आणि दोहींच्या दरम्यान एक आख्खे तारखाते वृद्ध होऊन २०१३ च्या जुलैत कायमचे बंद पडले, तरी हुकुमाच्या मजकुरात कानामात्रेचा फरक पडलेला नाही.

मराठी भाषेने ‘पोच’ या दोन अक्षरी शब्दात किती गोष्टी कोंबल्या आहेत हे पाहिले म्हणजे अचंबा वाटतो. माल मिळाल्याची पावती ती पोच. माणसाच्या बुद्धीची धाव जिथवर जाते तीही पोच. आणि तिच्याआधी ‘पाच’ ही अक्षरे जोडली की चारचौघांत कसे वागावे याचे भान तयार होते, जे अस्मादिकांस बिलकुल नाही असे आमच्या सासुरवाडीचे एकमताने ठरलेले आहे.

मला स्वतःला या हुकुमाचे वावडे कधीच वाटले नाही, कारण आयुष्याची एकतीस वर्षे मी एका सरकारी कचेरीच्या बारनिशीत काढली. बारनिशी हा शब्द आता फारसा कानी पडत नाही. कचेरीत येणारा प्रत्येक कागद जिथे प्रथम रुजू होतो, ज्याच्या कपाळी आवक क्रमांकाचा शिक्का बसल्याखेरीज साक्षात वरिष्ठांचे पत्रसुद्धा जन्मास आले असे मानले जात नाही, आणि बाहेर जाणारा प्रत्येक लखोटा जिथून जावक क्रमांक घेऊन व शिपायाच्या वहीत सही मागत निघतो, ते टेबल म्हणजे बारनिशी. लखोट्यात काय लिहिले आहे याच्याशी बारनिशीस कर्तव्य नसते. आत कुणाच्या बढतीचा हुकूम असो की मोडक्या खुर्चीच्या दुरुस्तीची मागणी, बारनिशीकार दोहोंवर तितक्याच निर्विकारपणे शिक्का हाणतो. ही स्थितप्रज्ञता साधायला ऋषींना तपे लागतात. मला ती नेमणुकीच्या पहिल्याच आठवड्यात साधली, आणि तिचे पारितोषिक म्हणून सहकाऱ्यांनी मला ‘शिक्केमारू’ ही पदवी बहाल केली. या देशातील प्रत्येक मोबाइलच्या पोटात आणि प्रत्येक टॉवरच्या बुडाशी माझेच टेबल मांडलेले आहे, ही गोष्ट मला निवृत्तीनंतर मौद्यास येऊन राहिल्यावर कळली. आणि ती कळण्यास निमित्त झाले पोह्यांचे.

गेल्या आषाढातली गोष्ट. बांध्यांतून रोवणी चालली होती, कन्हान दुथडी भरून गढूळ वाहत होती, आणि मी छत्री सावरीत बाजारात उभा असता खिशातील दूरध्वनी कुंथला. माझा दूरध्वनी बटणांचा आहे. काचेवर बोट घासण्याच्या नव्या यंत्रांवर माझा विश्वास नाही, कारण बटण दाबले म्हणजे ते दाबले गेल्याचे बोटाला कळते, काचेला काही कळले की नाही ते काच सांगत नाही. तर दूरध्वनीवर कुटुंबाचा संदेश होता: येताना एक किलो पोहे आणा. मी पोहे घेतले. अकरा मिनिटांनी पुन्हा संदेश: येताना एक किलो पोहे आणा. लेखी हुकुमाची अंमलबजावणी करावी, हेतूची चौकशी करू नये, हा एकतीस वर्षांचा शिरस्ता. मी आणखी एक किलो घेतले आणि घरी रुजू झालो.

“दोन किलो पोहे कायले आणले जी?” कुटुंबाने पुसले.

मी पुरावा दाखल केला. कुटुंबाने आपण एकदाच पाठवल्याचा प्रतिपुरावा दाखल केला. प्रकरण वर्दळीवर येणार, इतक्यात माझा भाचा दारात मोटार उभी करून आत आला, आणि त्या खटल्याचे न्यायाधीशपद अनायासे त्याच्याकडे गेले.

हा भाचा नागपुरात मोबाइलच्या जाळ्याची प्रकृती तपासण्याचा उद्योग करतो. मोटारीत एक लॅपटॉप पट्ट्याने आवळलेला, त्याला चार दूरध्वनी जोडलेले, आणि हा तासाला तीस किलोमीटरच्या गतीने गावोगाव हिंडतो. याला ते ड्राइव्ह टेस्ट म्हणतात. मौद्यातील निम्मे लोक त्याला निवडणुकीचा माणूस समजतात व उरलेले जमिनीच्या मोजणीचा, आणि दोन्ही पक्ष त्याला चहा पाजतात.

“मामाजी,” छपरीतल्या बंगईवर बसत तो म्हणाला, “मामीनं मेसेज एकदाच पाठवला. तुम्हालाही तो पहिल्यांदाच नीट मिळाला. पण मिळाल्याची पोच परत जाता जाता हरवली. मग मेसेज सेंटरनं काय करावं? त्यानं पुन्हा पाठवला.”

पोच! सात वर्षांनी तो शब्द अधिकृत अर्थाने कानी पडला आणि माझे अंग शहारले. मी त्याला पोह्यांच्या ताटलीसह (पोह्यांना आता तोटा नव्हता) तासभर बसवून घेतले, आणि मशारनिल्ह्याने जी जबानी दिली तिचा गोषवारा माझ्या शब्दांत देतो.

हवेतून संदेश पाठवणे म्हणजे पावसात पोस्टमन धाडण्यासारखे आहे. वाटेत झाड आडवे येते, पत्र्याचे छप्पर आडवे येते, विजेच्या कारखान्याच्या धुराड्याएवढे काही आडवे येते (आमच्या मौद्याच्या औष्णिक केंद्राची क्षमता २३२० मेगावॉट, त्यामुळे उपमेला धुराडे आयते हाताशी असते), आणि अक्षरे पुसतात. तेव्हा हवेवर भरवसा ठेवायचा नाही, हे गृहीत धरूनच या जाळ्याची दुसरी पायरी बांधलेली आहे. पहिली पायरी नुसती लहरी सोडते, ती हमाल. दुसऱ्या पायरीला भाचा ‘लेअर टू’ म्हणतो, पुस्तकांत तिला डेटा लिंक म्हणतात, आणि ती म्हणजे तंतोतंत आमची बारनिशी: आलेल्या मजकुराचे सारखे तुकडे करायचे, तुकड्यातुकड्यावर क्रमांक घालायचा, पाठवायचे, पोचेची वाट पाहायची, मुदतीत पोच न आल्यास तोच तुकडा पुन्हा पाठवायचा, आणि आत काय लिहिले आहे याची पंचाईत करायची नाही.

माझ्यासारख्यांच्या बटणांच्या दूरध्वनीतील जुनी पद्धत तर इतकी सोवळी आहे की ऐकून मला गहिवरून आले. तिच्यात लघुसंदेशाचे फार तर वीस-वीस बाइटांचे तुकडे होतात. पहिला तुकडा जातो, आणि त्याची पोच हातात पडल्याशिवाय दुसरा तुकडा उंबरठा ओलांडत नाही. पोच आली नाही तर घड्याळ लावून पुन्हा तोच. असे किती वेळा? या कामी प्रमाणग्रंथात आकडाच घालून दिला आहे: तेवीस वेळा. एका तुकड्यासाठी तेवीस तगादे! आमच्या कचेरीत तिसऱ्या स्मरणपत्रानंतर प्रकरण थंड्या बस्त्यात जात असे. तेवीस तगाद्यांनंतर मात्र यंत्रही हात टेकते, वरिष्ठांस ‘दुवा तुटला’ असा अहवाल देते आणि टेबल आवरते.

“पण मग,” मी विचारले, “क्रमांक असताना तोच कागद दोनदा रुजू झालाच कसा? जावक क्रमांक पाहून मी तर दुबार कागद डोळे मिटून बाजूला काढत असे.”

यावर भाच्याने जे सांगितले ते ऐकून माझे पोह्यांचे दुःख हलके झाले. एकाच जोडणीच्या आत तोच क्रमांक पुन्हा आला तर दूरध्वनी तो ओळखतो व मुकाट्याने टाकून देतो. पण त्या दिवशी पोच परत जाण्यापूर्वी जोडणीच तुटली होती, आणि नवी जोडणी झाली की क्रमांक पुन्हा शून्यापासून सुरू होतात. म्हणजे झाले काय, तर जुना कागद नव्या वर्षाच्या नव्या रजिस्टरात नव्या क्रमांकाने रुजू झाला! १ जानेवारीस असले घोळ मी स्वतः निस्तरलेले आहेत. मी कुटुंबाला हाक मारून हा खुलासा ऐकवला. तिने दोन किलोंपैकी दुसऱ्या किलोचा डबा माझ्यापुढे आदळला. तिच्या रजिस्टरी ते प्रकरण अद्याप प्रलंबित होते.

पोचेला इंग्रजीच्या आद्याक्षरांनी ‘ॲक’ म्हणतात आणि ‘तुकडा खराब मिळाला, पुन्हा पाठवा’ या नकाराला ‘नॅक’. नॅक हा शब्द ऐकताच माझ्या डोळ्यांपुढे महाविद्यालयांच्या भिंतींना रातोरात लागणारा रंग व कुंड्यांतून उगवणारी उसनी रोपे उभी राहिली. परंतु हे नॅक त्या नॅकपेक्षा प्रामाणिक असते, असे भाच्याचे म्हणणे.

आता तुकडा खराब मिळाला हे मिळवणाऱ्याला कळते कसे? लखोटा फाटला तर दिसतो. बिट उलटे झाले तर कसे दिसावे? या बाबतीत आपल्या सावकारी पेढ्यांनी आधीच तजवीज करून ठेवली होती. जुन्या हुंडीत रक्कम नुसती लिहीत नसत. हजार रुपये लिहिल्यावर ‘निम्मे पाचशे, त्याचे दुप्पट’ अशी पुस्ती जोडत, म्हणजे कुणा हिकमती माणसाने एका शून्याची भर घातली तरी निम्म्याशी ताळा जुळत नसे. मोबाइलनेही नेमके हेच केले आहे. जुन्या पद्धतीत नियंत्रणाच्या मजकुराचा एक गठ्ठा १८४ बिटांचा. त्याच्यामागे ४० बिटे निव्वळ ताळ्याची, चार बिटे शेपटाची, मिळून झाली २२८. आणि मग त्याचे दुप्पट, ४५६, हवेत सोडायचे. म्हणजे हवेतून जाणाऱ्या मजकुरात निम्म्याहून अधिक भाग खबरदारीचाच. सरकारी कागदांत हे प्रमाण याहून वाईट असते, तेव्हा मी नाक मुरडले नाही.

पुढे चौथी पिढी आली, यंत्रे चपळ झाली, आणि एकेका तुकड्याच्या पोचेसाठी खोळंबून बसणे त्यांना परवडेना. तेव्हा पोच न येताही पुढचे तुकडे सोडीत राहायची मुभा मिळाली, मात्र मर्यादेत: एका प्रचलित रीतीत ५१२ लखोट्यांपर्यंत पोचा थकल्या तरी चालतात, त्यापुढे नाही. अधूनमधून पाठवणारा एखाद्या तुकड्यावर खूण करतो, तिचा अर्थ ‘आजवरचा हिशेब कळवा’. आपल्या आजोबांनी जबाबी कार्ड जोडून ‘उलट टपाली कळवावे’ असे लिहावे तसा. मग पलीकडून एकच याद येते: अमुकपर्यंत सर्व मिळाले, मध्यंतरीचे अमुक अमुक मिळाले नाहीत. याला म्हणतात कारभार! कोणते पत्र गहाळ झाले हे गहाळ करणाऱ्या पक्षाकडूनच बिनशर्त कळावे, ही गोष्ट माझ्या सेवाकाळात एकदाही घडली नाही.

तथापि सगळाच मजकूर एवढ्या सोपस्कारांच्या योग्यतेचा नसतो, हेही या खात्याला ठाऊक आहे, आणि इथे त्याची खरी पाचपोच दिसते. टॉवरने आपले नाव-गाव सांगणे, अमक्या दूरध्वनीला हाक आली आहे असे पुकारणे, हे सारे क्रमांकही न घालता होते. कोतवालाने दवंडी पिटावी तसे. दवंडीची पोच कोणी घेत नाही. ज्याने ऐकली त्याने ऐकली, पुन्हा पिटायची. बोलण्याचा आवाज जातो तो साध्या टपालाने: क्रमांक असतो, पण गहाळ झालेला तुकडा परत मागत नाहीत, कारण ‘जेवलात का’ यातला ‘जे’ चार सेकंदांनी येऊन पोचला तर त्याचा उपयोग काय? आणि पैसे, छायाचित्रे, अर्ज, दाखले हे सारे रजिस्टर टपालाने, पोचेसह. कोणत्या गोष्टीचा पाठपुरावा करायचा आणि कोणती सोडून द्यायची, हे ज्याला कळले त्याला संसार कळला, असे मी म्हणणार होतो. पण आतून भांड्यांचा आवाज आला आणि मी विषय बदलला.

मला सर्वांत लोभस वाटले ते मात्र याच पायरीवरचे एक निराळे टेबल. आवाजाच्या प्रत्येक लहानशा तुकड्यामागे कोणाकडून, कोणाकडे, कितवा, केव्हाचा असा चाळीस बाइटांचा मायना चिकटलेला असतो, आणि आतला मजकूर पुष्कळदा मायन्याहूनही तोकडा. आता दर पन्नासाव्या भागी सेकंदाला हा सगळा मायना नव्याने लिहायचा म्हणजे वेळेची आणि लहरींची नासाडी. म्हणून पहिल्यांदा तो पुरता पाठवतात, आणि पुढे दोघांनाही तो पाठ झाला की नुसती एक-दोन बाइटांची खूण करतात. उरलेले पलीकडच्याने समजून घ्यायचे. भाच्याला हा परदेशी बुद्धीचा चमत्कार वाटत होता. मी आत जाऊन पेटीतून १९५८ सालचे, वडिलांनी माझ्या चुलत्यांस लिहिलेले कार्ड काढून त्याच्यापुढे धरले. वर लिहिले होते: ‘ती. दादांस, सा. न. वि. वि.’ पुरा साष्टांग नमस्कार, पुरी विनंती, पुरा विशेष, चार अक्षरांत! वाचणाऱ्याने ते वाचता वाचता मनात लोटांगण घालून घ्यायचे. भाचा कार्डाकडे बराच वेळ पाहत राहिला व म्हणाला, “मामाजी, हे तर हेडर कॉम्प्रेशन झालं न!” मी म्हटले, “होय, आणि खाली ‘क. लो. अ.’ आहे ते तुझ्या यंत्रात अजून यायचे आहे.”

फाटक्या लखोट्याचे ते काय करतात हेही सांगण्याजोगे आहे. पूर्वी खराब तुकडा फेकून देत व नवा मागवीत. आता फेकत नाहीत. तो ठेवून घेतात, दुसरी प्रत येते, तीही बहुधा खराबच असते, पण निराळ्या जागी खराब असते, आणि मग दोन्ही प्रती शेजारी ठेवून, इथे हिचा पाठ घे, तिथे तिचा घे, असे करीत मूळ संहिता सिद्ध करतात. हे काम आमच्याकडे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारतासाठी केले. १९१९ साली आरंभ झाला, देशभरातून पोथ्या जमवल्या, किडीने खाल्लेल्या पानांवर पंडितांच्या माना मोडल्या, आणि १९६६ साली चिकित्सक आवृत्ती पुरी झाली. चौथ्या पिढीचा टॉवर तुमच्या एका तुकड्यापुरते हेच कार्य आठ हजारांश सेकंदांत उरकतो: पाठवल्यापासून चारांनी ‘खराब’ असा निरोप येतो, आणखी चारांनी दुसरी प्रत रवाना होते. मध्यंतरी हात रिकामे राहू नयेत म्हणून अशा आठ पोथ्यांचे संशोधन तो एकाच वेळी चालवतो. एवढ्या विद्वत्तेने सिद्ध झालेली ती संहिता पुष्कळदा गुलाबाच्या फुलावर ‘शुभ सकाळ’ लिहिलेले चित्र असते, ही गोष्ट निराळी. बारनिशीने आत डोकवायचे नसते.

मुळात दोघांनी एकदम बोलायला तोंड उघडले तर काय, हा प्रश्न मी विचारला, कारण आमच्या घरात तो रोज उपस्थित होतो. त्याचे उत्तर थेट हवाई बेटांवरून आले आहे. तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन नावाच्या प्राध्यापकांनी १९७१ साली बेटाबेटांवरची यंत्रे बिनतारी जोडली आणि नियम केला की ज्याला बोलायचे त्याने बोलून टाकावे. दोघांचे एकमेकांत मिसळून चिवडा झाला व पोच आली नाही, तर प्रत्येकाने मनास येईल तितका वेळ गप्प बसून पुन्हा प्रयत्न करावा. दोघांची गप्प बसण्याची मुदत सारखी न निघेल एवढीच काय ती ईश्वरावर भिस्त. या व्यवस्थेला त्यांनी ‘अलोहा’ नाव दिले. तिकडे येणाऱ्यालाही अलोहा म्हणतात आणि जाणाऱ्यालाही, जसे आपण निघताना ‘येतो’ म्हणतो. आजही मौद्यात कोणी दूरध्वनी लावू लागला की टॉवरचे पहिले दार ठोठावण्याची पद्धत तीच आहे. क्वचित दोन दूरध्वनींना वाटते की दार आपल्यासाठीच उघडले. तेव्हा टॉवर ज्याचे म्हणणे ऐकू आले त्याचे शब्द जसेच्या तसे परत उच्चारतो. कचेरीत ‘मेश्राम’ म्हणून पुकारा झाला आणि दोन मेश्राम उठले, तर कारकून बापाच्या नावासकट पुन्हा वाचतो आणि दुसरा मेश्राम काही न बोलता बाकावर बसतो, तसे. कुटुंबाला मी ही मौनाची युक्ती सुचवून पाहिली. तिने तिचा अर्धा भाग, म्हणजे मी गप्प बसण्याचा, तत्काळ मंजूर केला.

पण पोच ही काही यंत्रांनी शोधलेली चीज नव्हे. आमची आजी गोष्ट सांगायची तेव्हा तिची अट असे की कोणीतरी हुंकारी भरली पाहिजे. राजा निघाला... हं. वाटेत अरण्य लागले... हं. हुंकारी थांबली की आजी राजाला अरण्यात उभा करून थांबत असे, आणि नातवंडे झोपल्याची खात्री पटली म्हणजे राजाला तिथेच टाकून स्वतःही झोपत असे. आमच्या भागात दूरध्वनीवर हे काम ‘हव’ करते. कुटुंब आपल्या भावजयीशी चाळीस चाळीस मिनिटे बोलते तेव्हा इकडून केवळ ‘हव... हव जी... हव’ एवढेच ऐकू येते. सगळी माहिती एका दिशेने आणि सगळ्या पोचा दुसऱ्या दिशेने. माझी हुंकारी मात्र घरात बदनाम आहे. वर्तमानपत्र वाचताना कुटुंब काही सांगू लागले की मी ठरावीक अंतराने ‘हं’ म्हणतो, आणि केव्हातरी ते अकस्मात विचारते, “काय म्हटलं मी?” ही ताळ्याची बिटे होत. यंत्र पोच देते ती ताळा जुळल्यावर. मी ती ताळ्याआधीच देऊन मोकळा होतो, आणि या एका फरकामुळे भाच्याच्या खात्यात मला शिपायाचीही जागा मिळणार नाही, असे मला नम्रपणे सांगण्यात आले.

“एक राहिलं,” तो निघताना मी म्हणालो. “तुकडा मिळाला याची पोच गेली. पण पोच मिळाली याची पोच?”

“तिची नसते, मामाजी. मग तिचीही द्यावी लागेल, अन् तिच्याही पोचेची. कुठंतरी थांबावं लागते न.”

“पोचला की कळव रे बाबू,” आतून आवाज आला.

पुढल्या आठवड्यात मलाच नागपूरला बहिणीकडे जाणे पडले. हुकूम नेहमीचाच होता. पण या खेपेस मी तो अभूतपूर्व रीतीने अमलात आणण्याचे ठरवले होते. लघुसंदेशाला एकंदर १४० बाइटांची जागा असते. इंग्रजीत तिच्यात १६० अक्षरे मावतात. देवनागरीत सत्तर, आणि त्यांतही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, एवढेच काय पाय मोडण्याची खूणसुद्धा निराळे अक्षर म्हणून मोजली जाते, त्यामुळे ‘साष्टांग’ हा एकटाच आठ घरे अडवून बसतो. एसटीत बसल्या बसल्या मी वहीवर हिशेब मांडला. ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ याची मधल्या जागांसह अक्षरे सदतीस. ‘कळावे लोभ असावा ही विनंती’ याची पंचवीस. झाली बासष्ट. मधे मजकूर: पोचलो, पाच. त्याच्या दोहो बाजूंस एकेक जागा; एकोणसत्तर. आणि शेवटी पूर्णविराम, सत्तर! एक बिंदू अधिक नाही, एक उणे नाही. मराठी पत्रव्यवहाराची संपूर्ण मर्यादा पाळून लिहिलेले, एकाच संदेशात नेमके मावणारे पत्र. पत्नीस साष्टांग नमस्कार घालण्याचा प्रघात नाही हे मला ठाऊक आहे. परंतु हिशेब जुळत असता प्रघाताची पर्वा करणारा मी नव्हे.

बहिणीकडे पोचताच मी ते सत्तर अक्षरांचे शिल्प बटणाबटणाने घडवून रात्री साडेआठ वाजता रवाना केले, आणि पोचेची वाट पाहत बसलो. नऊ वाजले. तुकडे झाले असतील, वीस-वीस बाइटांचे. एकेकाची पोच येऊन पुढचा सुटला असेल. साडेनऊ. यंत्राचे समाधान झाले असेल, पण कुटुंबाचे? पुन्हा पाठवावे तर तिकडे दोनदा रुजू होऊन मी दोनदा पोचलो असे व्हायचे. न पाठवावे तर मी अद्याप पारडीच्या नाक्यावर उभा. दहा वाजले. बहिणीने दोनदा झोपायला सांगितले, मी दोन्ही वेळा ‘हं’ म्हटले.

सव्वादहाला दूरध्वनी एकदाच वाजला आणि थांबला. काचेवर कुटुंबाचे नाव आले, गेले. पैसा न खर्चता, अक्षर न लिहिता, एका घंटेत पोच!

मी दूरध्वनी हातात घेतला, बटणावर अंगठा ठेवला, आणि ही घंटा मिळाल्याची एक घंटा उलट द्यावी किंवा कसे, याचा विचार करू लागलो. “भाऊ, निज आता,” असे म्हणून बहिणीने दिवा मालवला.